एक लाख युरोपासून चार कोटींपर्यंत: उझबेकिस्तानचा खुसानोव्ह मँचेस्टर सिटीत पोहोचला कसा?

तारीख २५ जानेवारी २०२५. मँचेस्टरचं एतिहाद स्टेडियम, समोर चेल्सी. मँचेस्टर सिटीच्या बचावफळीत एक नवा चेहरा होता. वय वर्षं २०, जर्सी नंबर ४५, क्लबमध्ये येऊन जेमतेम पाच दिवस झालेले. प्रीमियर लीगच्या इतिहासात खेळणारा पहिला उझबेक खेळाडू म्हणून त्याचं नाव त्या दिवशी नोंदलं गेलं. आणि तिसऱ्याच मिनिटाला त्याने घोळ घातला.

बॉल हेडरने गोलकीपर एडरसनकडे परत द्यायचा होता. तो कमी पडला. चेल्सीच्या निकोलस जॅक्सनने मधेच तो उचलला, नोनी मदुएकेकडे सरकवला आणि मदुएकेने रिकाम्या गोलमध्ये टाकला. त्यातून सावरतोय न सावरतोय तोच कोल पामरला पाडल्याबद्दल त्याला यलो कार्ड मिळालं. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच कोच पेप गार्डिओलाने त्याला बाहेर काढलं. सिटीने ती मॅच ३-१ अशी जिंकली म्हणून निभावलं, पण सोशल मीडियावर त्या रात्री अब्दुकोदिर खुसानोव्ह या नावाची जी काही थट्टा झाली ती झालीच.

इतक्या वाईट पदार्पणानंतर एखाद्या तरुण डिफेंडरचं करिअर सहज घसरणीला लागू शकतं. खुसानोव्हचं तसं झालं नाही. महिन्याभराच्या आतच गार्डिओलाने त्याला थेट चॅम्पियन्स लीगमध्ये, रिआल माद्रिदच्या मैदानावर पहिल्या अकरात उतरवलं. ती मॅच सिटी हरली. पण कोचचा या पोरावर विश्वास आहे, हे त्यातून कळलं.

भारतात, त्यातही महाराष्ट्रात, उझबेकिस्तान म्हटलं की बाबर, समरकंद आणि ताश्कंद करार एवढंच आठवतं. अलीकडे त्यात बुद्धिबळाची भर पडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात झालेला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप जावोखिर सिंदारोव्ह या १९ वर्षांच्या उझबेक पोराने जिंकला. फुटबॉलमध्येही त्या देशात काहीतरी घडतंय, आणि खुसानोव्ह हे त्याचं सगळ्यात महागडं उदाहरण आहे.

बापही फुटबॉलपटू, क्लब मात्र पडता काळ बघितलेला

खुसानोव्हचा जन्म २९ फेब्रुवारी २००४ चा, ताश्कंदचा. म्हणजे सिटीने त्याला घेतलं तेव्हा त्याचे खरेखुरे वाढदिवस पाचच झाले होते. वडील हिकमत हाशिमोव्ह हे स्वतः उझबेकिस्तानच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले. त्यामुळे घरात फुटबॉल होताच. पोरगा घडला तो बुन्योदकोर या ताश्कंदच्या क्लबच्या अकादमीत.

या बुन्योदकोरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा क्लब २००५ मध्ये सुरू झाला आणि तीन वर्षांत त्याने थेट ब्राझीलच्या रिव्हाल्डोला करारबद्ध केलं. हो, २००२ चा वर्ल्ड कप जिंकलेला रिव्हाल्डो ताश्कंदमध्ये लीग खेळत होता. कोच म्हणून आधी झिको आला, मग ब्राझीलला वर्ल्ड कप जिंकून देणारा लुईझ फेलिपे स्कोलारी. पैसा होता झेरोमॅक्स नावाच्या बड्या कंपनीचा. २०१० मध्ये ती कंपनी कोसळली आणि क्लबचे दिवस फिरले. मोठी नावं निघून गेली, बजेट आटलं. उरलं काय, तर स्टेडियम आणि अकादमी.

गंमत बघा. ज्या काळात क्लबने जगभरातून स्टार आणले, त्या काळातून हाती फारसं काही राहिलं नाही. पैसे संपल्यावर ज्या अकादमीकडे बघण्यावाचून पर्याय नव्हता, तिथून पुढे चार कोटी युरोचा डिफेंडर निघाला. क्लब चालवणाऱ्यांनी हे ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण हिशोब असा लागला खरा.

आधी बेलारूस का?

२०२२ मध्ये, अठराव्या वर्षी, खुसानोव्हने देश सोडला. कुठे गेला? लंडन नाही, माद्रिद नाही. बेलारूसची राजधानी मिन्स्क, क्लबचं नाव एनर्गेतिक-बीजीयू. युरोपातल्या फुटबॉल चाहत्यांनाही हे नाव गुगल करावं लागलं असेल.

वरवर हा निर्णय विचित्र वाटतो. पण उझबेक पोराच्या जागी उभं राहून बघितलं की त्याचा अर्थ लागतो. ताश्कंदमध्ये वाढलेल्या मुलाला कामापुरती रशियन भाषा येते, आणि मिन्स्कमध्ये तीच चालते. ड्रेसिंग रूममध्ये कोच काय ओरडतोय ते कळतं. डिफेंडरसाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. स्ट्रायकर एकवेळ मुकाट्याने गोल मारू शकतो, पण बचावफळीत शेजारच्याशी सतत बोलावं लागतं. दुसरं म्हणजे लहान क्लबमध्ये अठराव्या वर्षी सीनियर संघात जागा मिळते, आणि त्या हंगामात एनर्गेतिक चक्क लीगच्या वरच्या जागांसाठी झुंजत होता. म्हणजे प्रेशरच्या मॅच खेळायला मिळाल्या. बेलारूसची लीग लहान असली तरी ती युरोपच्या नकाशावर आहे, त्यामुळे पश्चिमेकडच्या क्लबांच्या स्काउट मंडळींच्या डेटाबेसमध्ये तिथले खेळाडू येतात.

आणखी एक मॅच-शो त्याला मिळाला तो घरच्याच मैदानावर. मार्च २०२३ मध्ये वीस वर्षांखालील आशियाई कप उझबेकिस्तानात झाला. यजमानांनी फायनलमध्ये इराकला १-० ने हरवून तो जिंकला आणि त्या संघाच्या बचावात खुसानोव्ह होता. पाठोपाठ अर्जेंटिनात वीस वर्षांखालील वर्ल्ड कप झाला. तिथे बाद फेरीत इस्रायलने उझबेकिस्तानला बाहेर काढलं, पण स्काउट लोकांना हवं ते दिसून गेलं होतं: उंच, दणकट, आणि सेंटर-बॅकच्या मानाने भलताच वेगवान.

लाँसचा धंदा

जुलै २०२३ मध्ये फ्रान्सच्या आरसी लाँसने त्याला घेतलं. बातम्यांनुसार किंमत होती साधारण एक लाख युरो. तेव्हाच्या भावाने नव्वद लाख रुपये. युरोपच्या बाजारात ही रक्कम म्हणजे भाजी घेताना कोथिंबीर वर टाकून घेतल्यासारखी.

लाँस हे उत्तर फ्रान्समधलं जुनं कोळसा खाणींचं शहर. खाणी बंद पडल्या, क्लब राहिला. शहराची लोकसंख्या जितकी, त्यापेक्षा स्टेडियममधल्या खुर्च्या जास्त. पॅरिससारखा पैसा त्यांच्याकडे नाही, त्यामुळे क्लब टिकतो तो एका साध्या सूत्रावर: कुणी न बघितलेला खेळाडू स्वस्तात घ्यायचा, त्याला घडवायचं, मोठ्या क्लबला महाग विकायचं आणि त्या पैशांतून पुढचे चार घ्यायचे. खुसानोव्ह आला त्याच उन्हाळ्यात लाँस लीगमध्ये दुसरा येऊन चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरला होता. म्हणजे क्लब लहान, पण मंच मोठा.

पहिल्या हंगामात त्याला थोडं थोडं खेळवलं गेलं. दुसऱ्या हंगामात, २०२४ च्या शरद ऋतूत, तो बचावफळीत नियमित झाला. तीन सेंटर-बॅकच्या रचनेत तो बाहेरच्या बाजूला खेळायचा. संघ पुढे चढला की मागे भलीमोठी मोकळी जागा राहते आणि प्रतिस्पर्ध्याचा वेगवान फॉरवर्ड त्या जागेत धावतो. तिथे त्याच्याशी शर्यत लावून जिंकणारा डिफेंडर लागतो. खुसानोव्हचं मुख्य भांडवल हेच. पासिंग बरं आहे, हेडिंग चांगलं आहे, पण क्लब पैसे मोजतात ते त्या धावेला.

आणि नेमकी तीच गोष्ट त्या हिवाळ्यात मँचेस्टर सिटीला हवी होती. ऑक्टोबरच्या अखेरीपासून सिटीची अवस्था अशी झाली होती की १३ मॅचमध्ये एकच विजय. रॉड्री गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर, रुबेन दियास, जॉन स्टोन्स, नेथन अके आळीपाळीने जायबंदी, आणि मागे धावून परिस्थिती सावरणारा काइल वॉकर क्लब सोडण्याच्या मार्गावर. २० जानेवारी २०२५ रोजी सिटीने खुसानोव्हची घोषणा केली. बातम्यांमधला आकडा चार कोटी युरो, वर कामगिरीनुसार थोडी भर. म्हणजे साधारण साडेतीनशे कोटी रुपये. करार २०२९ च्या उन्हाळ्यापर्यंतचा. कुठल्याही उझबेक खेळाडूसाठी मोजलेली ही तोवरची सर्वांत मोठी किंमत.

लाँसने दीड वर्षात चारशेपट किंमत वसूल केली. शेअर बाजारवाल्यांनीही हेवा करावा असा हा सौदा.

थेट ताश्कंदहून मँचेस्टरला का जाता येत नाही?

इथे प्रश्न फक्त गुणवत्तेचा नाही, कागदपत्रांचाही आहे. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमध्ये परदेशी फुटबॉलपटूला खेळायचं असेल तर इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची शिफारस लागते, आणि ती गुणांवर मिळते. पंधरा गुण झाले की मार्ग मोकळा.

गुण कशाचे? तुमच्या देशाचं फिफा रँकिंग पहिल्या पन्नासात असेल आणि तुम्ही राष्ट्रीय संघातून पुरेशा मॅच खेळला असाल, तर बाकी काही न बघता पास. खुसानोव्हच्या ट्रान्सफरच्या वेळी उझबेकिस्तान पन्नासच्या बाहेर होता. अशा वेळी बघितलं जातं की तुम्ही कोणत्या लीगमध्ये किती मिनिटं खेळलात, क्लब टेबलमध्ये कुठे आहे, युरोपियन स्पर्धांमध्ये खेळलात का. लीगचे गट पाडलेत. सर्वांत वरच्या गटात इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली आणि फ्रान्स. तिथली मिनिटं जड. उझबेक सुपर लीगची मिनिटं या तराजूवर अगदीच हलकी.

म्हणजे ताश्कंदमध्ये एखादा पोरगा कितीही भारी खेळत असला, तरी नियम त्याला सांगतो की आधी फ्रान्स किंवा इटलीतून जाऊन ये. मधल्या क्लबांचं फावतं ते इथेच. लाँसने खुसानोव्हला फुटबॉल शिकवलं हे खरंच, पण त्याहून मोलाचा एक शिक्का त्याच्या पासपोर्टवर मारला, ज्याची किंमत इंग्लिश क्लबने मोजली. २०२३ पासून इंग्लिश क्लबांना गुण न भरणाऱ्या मोजक्या खेळाडूंसाठी खास जागा दिल्या आहेत, पण त्या मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या पोरांवर खर्च होताना दिसतात.

चार कोटींतले किती ताश्कंदला मिळाले?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. कारण पोरगा घडवला एकाने आणि कमावले दुसऱ्याने, अशी ओरड आशिया-आफ्रिकेतले क्लब कायम करत असतात.

फिफाचा यासाठी एक नियम आहे, त्याला सॉलिडॅरिटी म्हणतात. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की ट्रान्सफरच्या रकमेतले जास्तीत जास्त ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. १२ ते १५ या चार वर्षांसाठी दरसाल पाव टक्का, आणि १६ पासून पुढे दरसाल अर्धा टक्का. आता समजा एखाद्या अकादमीने मुलाला १२ ते १७ अशी सहा वर्षं सांभाळलं. चार वर्षांचा एक टक्का आणि दोन वर्षांचा एक टक्का, एकूण दोन टक्के. चार कोटी युरोचे दोन टक्के म्हणजे आठ लाख युरो, आपले सात कोटींच्या पुढे.

उझबेक लीगमधल्या क्लबसाठी ही रक्कम लहान नाही. अकादमीचा बराच खर्च त्यातून सुटतो. पण लाँसच्या नफ्यापुढे ठेवली तर किरकोळच. जोखीम कुणाची जास्त होती याचा विचार केला तर हे गणित उलटं असायला हवं होतं. बारा वर्षांच्या शंभर मुलांवर पैसा घालणारा क्लब खरी जोखीम घेतो, लाँसने तर तयार झालेला अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू उचलला. तरीही एक गोष्ट लाँसच्या बाजूने बोलायला हवी: बेलारूसच्या लीगमध्ये त्याला बघण्याचं डोकं बाकीच्या शेकडो क्लबांपैकी त्यांनीच चालवलं.

त्याच्याआधी वाट कुणी पाडली?

उझबेक खेळाडू परदेशात जाण्याची सुरुवात खुसानोव्हपासून झाली नाही. मॅक्सिम शात्सकिख १९९९ मध्ये युक्रेनच्या दिनामो कीव्हमध्ये गेला, तेही आंद्रे शेवचेन्को मिलानला गेल्याने रिकाम्या झालेल्या जागेवर, आणि पहिल्याच हंगामात तिथल्या लीगचा टॉप स्कोअरर ठरला. सेर्वेर जेपारोव्ह २००८ आणि २०११ असा दोनदा आशियाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू झाला, पण त्याचं परदेशातलं करिअर दक्षिण कोरिया आणि सौदी अरेबियात गेलं. ओदिल अहमेदोव्ह रशियात गाजला आणि मग चीनमध्ये गेला. रशिया, युक्रेन, कोरिया, आखात, चीन: त्या पिढीचा नकाशा हा एवढाच होता. कारण पगार चांगले होते आणि पश्चिम युरोपात कुणी विचारत नव्हतं.

तो नकाशा बदलला तो एल्दोर शोमुरोदोव्हने. सुरखानदर्या या अफगाण सीमेलगतच्या प्रांतातला हा उंचापुरा स्ट्रायकर २०१७ मध्ये रशियाच्या रोस्तोव्हला गेला, तिथून २०२० मध्ये इटलीच्या जेनोआला. पहिल्या हंगामात सेरी आमध्ये आठ गोल मारले. जोसे मोरिन्यो नुकताच रोमाचा कोच झाला होता, आणि २०२१ मध्ये रोमाने शोमुरोदोव्हसाठी साधारण पावणेदोन कोटी युरो मोजले. पुढच्या मे महिन्यात रोमाने तिरानात फेयनूर्डला हरवून कॉन्फरन्स लीग जिंकली, आणि त्या संघात शोमुरोदोव्ह होता.

कागदावर हे स्वप्नवत आहे. प्रत्यक्षात रोमात तो बहुतेक वेळ बेंचवर होता. मग स्पेझियाला लोनवर, मग कायारीला लोनवर, परत रोमा, आणि २०२५ मध्ये तुर्कस्तानच्या इस्तंबूल बशाकशेहिरला. म्हणजे मोठा क्लब मिळाला, पण आपला असा क्लब मिळेपर्यंत तिशी आली. राष्ट्रीय संघात मात्र त्याची गोष्ट वेगळी. तिथे तो कॅप्टन आहे आणि शात्सकिखचा ३४ गोलांचा विक्रम मोडून देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला आहे.

खुसानोव्हच्या बाबतीत जाणकार ज्याची काळजी करतात ते हेच. चार कोटींचा टॅग लागला म्हणून जागा पक्की होत नाही. सिटीत पहिल्या अर्ध्या हंगामात त्याला प्रीमियर लीगच्या मॅच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळाल्या. एफए कपमध्ये लेटन ओरिएंटविरुद्ध रिको लुईसचा शॉट त्याला लागून गोलमध्ये गेला आणि त्याच्या नावावर पहिला गोल जमा झाला, नशिबाचा का होईना. कधी सेंटर-बॅक, कधी राइट-बॅक अशी त्याची जागा बदलत राहिली. राइट-बॅकला खेळवणं ही कोचची गरज असते, पण २१ वर्षांच्या सेंटर-बॅकसाठी ते दुधारी असतं. मिनिटं मिळतात, सवय मोडते.

मात्र शोमुरोदोव्ह आणि खुसानोव्ह यांच्यात एक मोठा फरक आहे, तो वयाचा. शोमुरोदोव्हने पश्चिम युरोपात पाय ठेवला तेव्हा तो २५ वर्षांचा होता. खुसानोव्ह १९ चा. डिफेंडर साधारण पंचविशीनंतर पिकतो असं मानलं, तर त्याच्या हातात चुकायलाही वेळ आहे.

देशासाठी एवढं महत्त्व कशाला?

कारण उझबेकिस्तानएवढा फुटबॉलमध्ये पोळलेला देश शोधून सापडायचा नाही.

सोव्हिएत काळात ताश्कंदचा पाख्ताकोर हा क्लब देशातल्या वरच्या लीगमध्ये खेळायचा. पाख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा. ऑगस्ट १९७९ मध्ये मॅचसाठी मिन्स्कला निघालेलं त्यांचं विमान युक्रेनवर दुसऱ्या विमानाला धडकलं. दोन्ही विमानांत मिळून १७८ जण गेले, त्यात पाख्ताकोरचे १७ जण होते. स्वातंत्र्यानंतर १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत उझबेकिस्तानने पहिल्याच फटक्यात सुवर्णपदक जिंकलं, आणि वर्ल्ड कप आता फार लांब नाही असं सगळ्यांना वाटू लागलं.

लांब होता. सप्टेंबर २००५ मध्ये बहारिनविरुद्धच्या प्लेऑफमध्ये उझबेकिस्तान १-० ने पुढे होता. पेनल्टी मिळाली, गोल झाला, पण एक उझबेक खेळाडू आधीच आत शिरला होता. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. जपानी रेफ्रीने बहारिनला फ्री किक दिली. मॅच १-० नेच संपली. उझबेकिस्तानने तक्रार केली, त्यांना ३-० असा निकाल हवा होता. फिफाने रेफ्रीची चूक मान्य केली आणि मॅचच रद्द करून पुन्हा खेळवली. ती १-१ अशी सुटली, बहारिनमधली ०-० अशी, आणि परक्या मैदानावरच्या गोलमुळे बहारिन पुढे गेला. म्हणजे अन्याय आपल्यावर झाला म्हणून दाद मागितली आणि हातातला विजयही गेला.

२०१४ च्या पात्रता फेरीत दक्षिण कोरियाइतकेच १४ गुण मिळाले, पण गोलफरकात एका गोलाने मागे. मग जॉर्डनविरुद्ध प्लेऑफ, तोही पेनल्टी शूटआउटमध्ये ९-८ असा गेला. २०१८ साठी शेवटची मॅच घरच्या मैदानावर कोरियाशीच, ०-० बरोबरी, परत बाहेर. ताश्कंदमध्ये एक अख्खी पिढी 'पुढच्या वेळी' म्हणत मोठी झाली.

५ जून २०२५ ला अबू धाबीत यूएईविरुद्धची मॅच ०-० अशी सुटली आणि ती एक बरोबरी पुरेशी ठरली. कोच होता तिमुर कापाद्झे. आधीचे कोच स्रेच्को कातानेत्स आजारपणामुळे जानेवारीत बाजूला झाले होते. दहा मॅचमध्ये २१ गुण, पराभव फक्त एक. इराणच्या खालोखाल दुसरा क्रमांक.

वर्ल्ड कप ३२ वरून ४८ संघांचा झाला आणि आशियाच्या थेट जागा चारवरून आठ झाल्या, म्हणून हे जमलं, असं म्हणणारे आहेत. त्यात तथ्य आहे. पण उझबेकिस्तान वाढीव जागांच्या शेवटच्या फेरीतून घुसला नाही, तिसऱ्या फेरीतच आपल्या गटात पहिल्या दोनात येऊन थेट गेला. दहापैकी एकच मॅच हरणारा संघ जुन्या पद्धतीतही दाराशी नक्कीच उभा असता.

एकटा पोरगा की व्यवस्था?

खुसानोव्ह हा नुसता योगायोग असता तर विषय इथेच संपला असता. पण त्याच्या आजूबाजूची यादी बघा. २०१८ चा तेवीस वर्षांखालील आशियाई कप उझबेकिस्तानने जिंकला. त्याच स्पर्धेत २०२२ आणि २०२४ ला उपविजेतेपद. २०२३ चा वीस वर्षांखालील कप. एप्रिल २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील कप, तोही सौदी अरेबियात यजमानांना हरवून. पॅरिस २०२४ मध्ये पुरुष फुटबॉल संघ पहिल्यांदा ऑलिम्पिक खेळला. तिथे तिन्ही मॅचमध्ये विजय मिळाला नाही, पण पुढे सुवर्ण जिंकलेल्या स्पेनला २-१ साठी घाम गाळावा लागला.

यामागे सरकारी पैसा आहे. अध्यक्ष शावकत मिर्झियोयेव्ह यांच्या काळात खेळांवर मुद्दाम खर्च झाला. अकादम्या उभ्या राहिल्या, आणि २०२१ मध्ये फुटबॉल महासंघाने ऑलिम्पिक नावाचा एक क्लबच काढला. त्यात तरुण खेळाडूंनाच घ्यायचं आणि त्यांना देशाच्या वरच्या लीगमध्ये मोठ्यांशी भिडवायचं. कोच हाच कापाद्झे. भारतीय वाचकांना ही कल्पना ओळखीची वाटेल, कारण आपल्या महासंघाचा इंडियन अ‍ॅरोज हा संघ याच धर्तीवर होता. तो २०२२ मध्ये बंद झाला. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधल्या आशियाई कपमध्ये उझबेकिस्तानने भारताला ३-० ने हरवलं, त्यातला पहिला गोल अब्बोसबेक फैझुल्लाएव्हचा होता. तोही याच तरुण पिढीतला.

मात्र चित्र सगळंच गोड नाही. उझबेक क्लब आजही मोठ्या प्रमाणात सरकारी कंपन्यांच्या पैशावर उभे आहेत. एजीएमके या क्लबचं नावच अल्मालिकच्या खाण कंपनीवरून आहे. राज्यकर्त्यांचा रस आहे तोवर पैसा येतो. रस संपला किंवा कंपनी बुडाली की काय होतं, हे बुन्योदकोरने दाखवलंय. शिवाय वर्ल्ड कप पात्रतेनंतर खेळाडूंना अध्यक्षांच्या हस्ते गाड्या वाटल्या गेल्या, तेव्हा खेळ आणि सत्ता यांच्यातलं अंतर तिथे किती कमी आहे हेही दिसलं. आणि ज्या कापाद्झेने वर्ल्ड कपचं तिकीट मिळवून दिलं, त्याच्या जागी ऑक्टोबर २०२५ मध्ये इटलीचा वर्ल्ड कप विजेता कॅप्टन फाबियो कानावारो याला मुख्य कोच नेमण्यात आलं. मोठ्या नावाची ही जुनी ओढ बघून रिव्हाल्डो आणि स्कोलारीचे दिवस आठवणं साहजिक आहे. खुसानोव्हच्या दृष्टीने बघितलं तर मात्र एक फायदा आहे: २००६ मध्ये बलॉन दॉर जिंकलेला सेंटर-बॅक आता त्याचा कोच आहे.

आता पुढे काय?

५ डिसेंबर २०२५ ला वर्ल्ड कपचा ड्रॉ निघाला. उझबेकिस्तान के गटात आहे, सोबत पोर्तुगाल, कोलंबिया आणि प्लेऑफमधून येणारा एक संघ. पहिली मॅच १७ जूनला मेक्सिको सिटीत, कोलंबियाशी. हे शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, विरळ हवेत शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात, आणि कोलंबियाच्या विंगर लुईस दियासला खुसानोव्ह लिव्हरपूलच्या दिवसांपासून ओळखतो. दुसरी मॅच ह्यूस्टनला पोर्तुगालशी. क्रिस्तियानो रोनाल्डो खेळला तर तो ४१ वर्षांचा असेल, आणि त्याच्यासमोर उझबेकिस्तानच्या बचावात त्याच्या निम्म्या वयाच्या आसपासचा पोरगा असेल.

त्याआधीचे महिने खुसानोव्हसाठी जास्त कठीण आहेत. सिटीत सेंटर-बॅकची गर्दी आहे, दुखापतींनी त्याचाही पिच्छा सोडलेला नाही, आणि बेंचवर बसून वर्ल्ड कपला गेलेल्या डिफेंडरचं टायमिंग पहिल्या मॅचमध्ये लगेच उघडं पडतं. लोनवर जाऊन रोज खेळायचं की सिटीत राहून मिळतील ती मिनिटं घ्यायची, हा प्रश्न शोमुरोदोव्हसमोर पंचविशीनंतर आला होता. खुसानोव्हसमोर तो एकविसाव्या वर्षीच येऊन उभा आहे, आणि त्याचं उत्तर ताश्कंदपेक्षा मँचेस्टरच्या फिजिओ रूममध्ये कोण किती दिवस पडून राहतो यावर जास्त ठरणार आहे.